हयातीचा दाखला

बुरूलचा नोटरीची परीक्षा पास झाली ही बातमी नारीनमध्ये ज्या दिवशी पसरली, त्याच दिवशी तिने एका जिवंत बाईसाठी भर अंगणात विलाप केला, ही बातमीही पसरली. दुसरी पहिलीला मागे टाकून पुढे गेली. आमचं गाव नदीच्या काठाकाठाने नुसतं लांबत गेलेलं आहे, रुंदीला काही नाही. अशा गावात बातमीला वळणं घ्यावी लागत नाहीत.

मी बुरूलचाच्या वर्गातला. ज्या शाळेत आम्ही शिकलो तिथेच आता भूगोल शिकवतो. म्हणजे जगाची माहिती सांगायची आणि गावातच राहायचं. त्या दिवशी त्या अंगणात चहाचे समोवार पेटते ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं आणि समोवार फाटकाशीच मांडले होते. तेव्हा मी ऐकीव सांगत नाही.

बुरूलचा मूळची आट-बाशीकडची, मेंढपाळाची मुलगी. तिकडच्या शाळेत वरचे वर्ग नव्हते. बापाने तिला लोकरीच्या ट्रकमधून नारीनला आणलं आणि कालिपा आपाच्या दारात उतरवलं. आपा म्हणजे आई. कालिपा आपाला सगळी गल्लीच आपा म्हणते. बापाची तिच्याशी ओळख एवढीच, की एकदा तिच्या नवऱ्याने त्याला घाटात पेट्रोल दिलं होतं. तेवढ्या ओळखीवर पोरगी ठेवून घेतली गेली. आपाची मुलगी सोनून आमच्याच वर्गात होती. दोघी चुलीजवळ एका रजईत झोपायच्या, एकाच पिशवीत पुस्तकं घालून शाळेत यायच्या, आणि गणिताच्या पेपरात दोघींच्या चुका एकाच जागी सापडायच्या. मास्तर म्हणायचे, "तुमच्यातली खरी चूक कोणाची, तेवढं सांगा, तिलाच मारतो." दोघीही हात पुढे करायच्या.

शाळा संपली तरी हे टिकलं. आमच्या वर्गाची शेरीने आहे. म्हणजे महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी पाळीपाळीने जमायचं, मेंढी खायची, एकमेकांच्या वजनाबद्दल बोलायचं आणि जाताना पुढची पाळी कोणाची यावर भांडायचं. बुरूलचाच्या पाळीला सोनून आदल्या दिवशीच जाऊन कणीक मळून ठेवायची, सोनूनच्या पाळीला बुरूलचा. दोघींपैकी यजमान कोण हे पाहुण्यांना कळत नसे.

बुरूलचा दुधाच्या कारखान्यात हिशेबनीस होती. नवरा कामाला रशियात, याकुत्स्कला, म्हणजे आमच्याकडच्या निम्म्या नवऱ्यांसारखा, फोनवर. कारखान्यात ती सगळं काम करायची आणि सही तिच्या साहेबाची असायची. एकदा शेरीनेत तिने मला विचारलं, "इसाबेक, दुसऱ्याच्या सहीखाली किती वर्षं जगता येतं रे?" मी भूगोलवाला, मी म्हणालो, संपूर्ण देश जगलेत. ती हसली नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी तिने ठरवलं, की आपण नोटरी व्हायचं. सही स्वतःची, शिक्का स्वतःचा.

ही इच्छा खोटी नव्हती, हे मी आधीच सांगून टाकलं पाहिजे. पुढे जे घडलं त्यामुळे लोक तिला ढोंगी म्हणू लागले, आणि ढोंग तिच्यात कधीच नव्हतं. तिने बाहेरून कायद्याची पदवी घेतली. त्याच्या जोडीला इंग्रजी सुरू केलं. त्याच्या जोडीला पहाटे नदीकाठी धावायला लागली. आमच्याकडे बाई धावत असेल तर मागे काहीतरी कारण असतं. म्हातारे घोडा थांबवून विचारायचे, "काय झालं गं पोरी? कुठं आग लागली?" ती धापा टाकत म्हणायची, "काही नाही बाबा, तब्येतीसाठी." म्हातारा आणखी काळजीत पडायचा.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग ती बिश्केकला यशस्वी होण्याच्या एका शिबिराला जाऊन आली.

शिबिरात पातळ तळाचे बूट घातलेला, गालाला माइक चिकटवलेला एक माणूस होता. त्याने सांगितलं, की आयुष्य हा हवेत उडणारा फुगा आहे. वर जायचं तर वाळूच्या पिशव्या खाली टाकायला हव्यात. आमच्याकडे असा फुगा कोणी पाहिलेला नाही, पण दृष्टान्त सगळ्यांना कळला. पुढच्या शेरीनेत बुरूलचाने तो प्रामाणिकपणे सांगितला आणि म्हणाली, की परीक्षा होईपर्यंत मी येणार नाही, फोनवरच्या गटातूनही बाहेर पडते, रागावू नका.

मायराम म्हणाली, "म्हणजे आम्ही वाळू?"

मायराम बाजारात मांस विकते. तिची जीभ आणि सुरी एकाच दगडावर लावलेली असावी.

"तसं नाही गं," बुरूलचा म्हणाली. "तात्पुरतं आहे. ध्येयासाठी."

"आम्ही तात्पुरती वाळू," मायरामने सगळ्यांना समजावून सांगितलं. "वाटून घ्या. ही तंगडी कोणाला हवी?"

सोनूनने बुरूलचाच्या ताटलीत आणखी एक तुकडा वाढला आणि म्हणाली, "अभ्यासाला ताकद लागते, खा." तिला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं, हे तिनेच मला नंतर सांगितलं. तिला वाटलं होतं, की गट सोडला म्हणजे सगळ्यांना सोडलं. आपण थोड्याच सगळ्यांमध्ये आहोत?

मार्चमध्ये कालिपा आपाला छातीचं दुखणं झालं. फुप्फुसात पाणी. सोनूनने इस्पितळाच्या जिन्यातून बुरूलचाला फोन केला. बुरूलचाने उचलला नाही. थोड्या वेळाने मजकूर पाठवला, "परीक्षेनंतर बोलते, चालेल ना?" सोनूनने लिहिलं, "बरं." आपा आजारी आहे असं तिने लिहिलं नाही. गावात ते सगळ्यांना माहीत होतं, आणि बुरूलचालाही दुधाच्या कारखान्यात कोणीतरी सांगितलं. ती मनाशी म्हणाली, की रविवारी जाऊ. त्या रविवारी सराव परीक्षा होती. मग पुढच्या रविवारी जायचं, तर मागच्या रविवारी का आली नाहीस याचं उत्तर तयार करावं लागणार होतं. मग त्याच्या पुढच्या रविवारी दोन रविवारांचं. लाजेचं असं असतं, की ती भेटायला जाऊ देत नाही आणि न जाण्याने वाढत राहते. मेपर्यंत बुरूलचा सोनूनच्या गल्लीवरून जाणंच टाळू लागली. पहाटे धावायलाही नदीच्या पलीकडच्या काठाने जाऊ लागली.

आपा बरी झाली. म्हातारीची जन्मतारीख कागदावर एक जानेवारी आहे, कारण ती कुरणावर जन्मली आणि नोंदणीवाल्याला तीच तारीख तोंडपाठ होती. पण जानेवारीत नारीनमध्ये कोणी अंगणात सोहळा करत नाही. सप्टेंबरात, जनावरं अंगाने भरलेली असताना, सोनूनचा मोठा भाऊ कुबान म्हणाला, "आपा मरता मरता वाचली आहे आणि ऐंशीची झाली आहे. दोन्ही एकदमच साजरं करू." अंगणात युर्त, म्हणजे नमद्याचा गोल तंबू, उभारला, जेवणासाठी घोडा कापला. आमंत्रण गटात पडलं. गटाबाहेर असलेल्याला कळवण्याची पद्धत आमच्यात आता राहिलेली नाही.

त्याच आठवड्यात बुरूलचा बिश्केकला परीक्षेला गेली होती. पास झाली. प्रमाणपत्र पिशवीत घालून ती वाटणीच्या टॅक्सीने परत निघाली. तिने मला ते सगळं पुढे सांगितलं. म्हणाली, की डोलोनच्या घाटापर्यंत मी इतकी खूश होते, की शेजारच्या अनोळखी बाईला दोनदा सफरचंद दिलं. घाट उतरताना तिला पहिल्यांदाच वाटलं, ही बातमी सांगायची कोणाला? आणि उत्तर एकच होतं. तेवढ्यात ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, "तुम्ही नदीकडच्या गल्लीतल्या का? मग आज सगळे तिकडेच जमले असतील. काल माझ्या गाडीत बिश्केकची चार माणसं होती, तिथंच आलेली."

"कुठं?"

"सोनून नाही का, ग्रंथालयवाली? तिच्या अंगणात युर्त उभारलाय. पहाटे घोडा कापला."

"कोणाचं आहे?" बुरूलचाने विचारलं.

"कालिपा आपाचं," ड्रायव्हर म्हणाला.

'चं' या प्रत्ययात सोहळा बसतो, आणि मयतही बसतं. आमच्याकडे अंगणातला युर्तही तसाच आहे. लग्नाला तोच, मयतालाही तोच, आणि घोड्याला कापताना कशासाठी ते कोणी सांगत नाही. बुरूलचा रडायला लागली. ड्रायव्हरला वाटलं, बाई फार हळवी आहे. त्याने गाणं बारीक केलं.

तिने सोनूनला फोन लावला. सोनून तेव्हा कढईसमोर होती, फोन घरात. बुरूलचाला मायरामला विचारता आलं असतं. मला विचारता आलं असतं. निदान ड्रायव्हरला तरी. पण विचारलं असतं, तर आपल्याला माहीत नाही हे दिसलं असतं. जिच्या घरात आपण वाढलो ती बाई कधी गेली, कशाने गेली, हे रस्त्यातल्या ड्रायव्हरला विचारायचं? या एका लाजेपायी तिने तोंड बंद ठेवलं. ओठांवरचा रंग पुसला, रुमाल कपाळापर्यंत ओढला, आणि गल्लीच्या तोंडाशी उतरून, रिवाजाप्रमाणे, तिथूनच विलाप सुरू केला.

मयताच्या घरी लांबूनच रडत यायचं असतं. बाईने मान खाली घालायची, पाय सरळ युर्तच्या दाराकडे न्यायचे आणि गेलेल्या माणसाचं चांगलं गात जायचं. इकडेतिकडे बघायचं नसतं. रडताना जो बघतो तो रडत नाही, असं आमच्याकडे धरलं जातं. बुरूलचाने बघितलं नाही. बघितलं असतं तरी फारसं काही दिसलं नसतं. नेमकी तेव्हा जेवणाआधीची दुवा चालली होती, म्हणून कुबानने कर्ण्यावरची गाणी बंद केली होती. पुरुष युर्तच्या बाजूला रांगेने हात पसरून उभे, म्हातारे काठीवर, सगळे गप्प. कढयांचा धूर. मीही समोवारात ढलप्या टाकायचं थांबवून हात पसरलेले.

आणि फाटकातून आवाज आला.

"उंबऱ्याबाहेरची परकी मी गं आई,
चुलीजवळची जागा मला दिलीस गं…
लेकीला घातलीस एकच वेणी,
मला परकीला दोन घातल्यास गं…"

तिचा आवाज चांगला आहे. चांगला नसता तर पुढचं झालं नसतं. आमच्याकडे एकाने विलाप धरला, की दुसऱ्याने उत्तर द्यायचं. कोण गेलं ते मागाहून विचारता येतं. कोचकोरहून आलेली कुबानची ऐकू कमी येणारी सासू पहिल्यांदा उठली आणि "आई गं माझी" म्हणून तिने सूर धरला. तिच्यामागून आणखी दोघीतिघी. काठीवरच्या एका म्हाताऱ्याने, हात दुवेसाठी पसरलेलेच होते, ते तसेच कंबरेवर ठेवले आणि वाकून मोठ्याने रडायला लागला. कुबान अंगणाच्या मागच्या बाजूला मांस कापत होता. त्याला एवढंच कळलं, की आपा आत बसली होती आणि आता सगळे रडतायत. त्याने सुरी टाकली आणि "आपा! आपा गं!" करत धावत सुटला. दहा-वीस श्वासांएवढ्या वेळात, ऐंशी वर्षं पुरी केल्याबद्दल जमलेल्या लोकांनी कालिपा आपाचं मयत जवळजवळ पार पाडलं.

बुरूलचा सरळ युर्तच्या दारातून आत गेली आणि गुडघ्यांवर पडली.

"आट-बाशीचा बर्फ माझ्या बुटातला
पदरात घेऊन वितळवलास गं…
भाकर मोडलीस, मोठा तुकडा
पाहुणीचा म्हणून मला दिलास गं…"

"बुरूलचा का गं ती?" वरून आवाज आला.

मी दारापर्यंत पोचलो होतो. कालिपा आपा दारासमोरच्या मानाच्या जागेवर, पाच उशांना टेकून, छातीवर कामगार पदक लावून बसली होती. बुरूलचाने मान वर केली. तो चेहरा मला सांगता येणार नाही. एखाद्या माणसाला आनंद झाला पाहिजे आणि त्याच क्षणी त्याला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं पाहिजे, तसं काहीतरी. आपा जिवंत होती याचा तिला आनंद झाला, हे मी शपथेवर सांगेन. पण तो दाखवायला जागाच नव्हती.

मागे कुबान येऊन धडकला, आईला बघून तिथेच बसला आणि खरं रडायला लागला. कोचकोरची सासू अजून बाहेर गातच होती. तिला कोणीतरी जाऊन थांबवलं.

सोनून चहाची किटली घेऊन उभी होती. पांढरी पडली होती. आमच्यात जिवंत माणसासाठी विलाप करणं म्हणजे त्याला मरणाचं बोलावणं धाडणं. म्हाताऱ्या बाया ते टळावं म्हणून कॉलरच्या आत थुंकत होत्या, तोंडाने काहीबाही पुटपुटत होत्या. पण सोनूनची नजर अपशकुनावर नव्हती. ती बुरूलचाकडे बघत होती, आणि तिला काय कळलं होतं ते मलाही त्याच वेळी कळलं: हिला माहीत नव्हतं. आपा बरी झाली, घरी आली, अंगणात बसू लागली, यातलं हिला काहीही माहीत नव्हतं. अख्ख्या गावासमोर हे दिसलं, आणि अब्रू दोघींची गेली.

एकटी कालिपा आपा मजेत होती.

"गप्प बसा गं सगळ्या," ती म्हणाली. "माझं मी ऐकतेय. मेल्यावर मला ऐकू येणार आहे का? छान म्हणतेस पोरी, जीव ओवाळून टाकावा असं. वेण्यांचं मला आठवतही नव्हतं. थांबलीस का? म्हण पुढं."

"आपा…" बुरूलचा म्हणाली. "मला… चुकले मी आपा."

"चूक-बीक राहू दे. अर्धं म्हणून सोडलंस तर जास्त वाईट. पुरं कर."

हसू पसरलं. बायकांना सुटल्यासारखं झालं. म्हातारीनेच मजा करून टाकली, तर अपशकुन तरी कुठे धरायचा? "म्हण, म्हण," सगळ्या म्हणू लागल्या. कुबानसुद्धा नाक पुसत म्हणाला, "म्हण गं बुरूलचा. आता काय, घोडा तर कापलाच आहे."

विलापाचे आमच्याकडे दोन भाग असतात. पहिल्यात, गेलेल्या माणसाने माझ्यासाठी काय केलं. दुसऱ्यात, शेवटच्या दुखण्यात मी त्याच्यासाठी काय केलं: उशी कशी बदलली, पाणी कसं पाजलं, रात्री कोणत्या अंगावर वळवलं. दुसरा भाग नसलेला विलाप नसतो. तो यायच्या आधी बाई थोडी थांबते, श्वास घेते, आणि ऐकणाऱ्या बाया रुमालाचं टोक डोळ्यांशी नेतात.

बुरूलचा थांबली. बायांनी रुमालाची टोकं डोळ्यांशी नेली. बुरूलचाने तोंड उघडलं.

काही आलं नाही.

तिने मिटलं, परत उघडलं. आपा मान वाकडी करून वाट बघत होती, दुसऱ्याच कोणाबद्दल ऐकायचं असल्यासारखी. हसू एकेका चेहऱ्यावरून उतरत गेलं, कारण सगळ्यांना एकदमच आठवलं, की मार्चमध्ये इस्पितळात पाळीपाळीने कोण कोण बसलं होतं. मायराम बसली होती. माझी बायको बसली होती. मी माझ्या बुटांकडे बघायला लागलो. दुसऱ्याची लाज बघताना माणूस नेहमी स्वतःच्या बुटांकडे का बघतो, हे भूगोलात येत नाही.

"आपा, पुरे आता," सोनून म्हणाली. "चहा गार होतोय." मग बुरूलचाकडे न बघता म्हणाली, "बाई, तुम्ही वर बसा. आपाशेजारी."

'तुम्ही.'

बुरूलचा म्हणाली, "सोनून, मी मागं येते ना, भांड्यांना…"

"छे छे. लांबून आलात. बसा."

आम्ही वर्गातले सगळे जण त्या दिवशी राबत होतो. मायराम आतडी धूत होती, माझी बायको पिठाच्या पट्ट्या कापत होती, मी समोवारांशी. राबणं हा घरच्यांचा मान असतो, बसणं पाहुण्यांचा. बुरूलचाला मानाच्या जागेवर बसवलं गेलं. तिच्या हातावर पाणी घालायला सोनून स्वतः आली. मांस आलं तेव्हा हाडांची वाटणी मानाप्रमाणे झाली, आणि बुरूलचाच्या पुढ्यात कमरेचं हाड ठेवलं गेलं, जे जिल्ह्याचा अधिकारी आला असता तर त्याला मिळालं असतं. तिने ते खाल्लं. न खाऊन चालत नाही. मी चहा द्यायला गेलो तेव्हा ती ते हाड दोन्ही हातांत धरून बसली होती आणि तिच्या हनुवटीवरून चरबी ओघळत होती. पुसायचंही भान नव्हतं.

मायराम बोरसोकांची, म्हणजे तळलेल्या कणकेच्या तुकड्यांची, परात घेऊन आली. तिला गप्प राहणं जमण्यासारखं नव्हतं.

"पास झालात म्हणे नोटरीबाई?"

बुरूलचाने मान हलवली.

"अभिनंदन. एक विचारू? मृत्यूचा दाखला बघितल्याशिवाय रडता येतं का तुमच्यात?"

आजूबाजूचे हसले. बुरूलचाही हसली, ते हसू बघून मायराम परात ठेवून मुकाट बाहेर गेली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "इसाबेक, मला एक कप दे. मी कुत्री आहे."

"आहेस," मी म्हणालो आणि कप दिला.

आपाला मात्र शेजार आवडला होता. तिने बुरूलचाचा हात आपल्या मांडीवर घेऊन ठेवला आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली, "हिनं मला रडून घेतलं. आता माझं राहिलेलं काम एकच." मग बुरूलचाला म्हणाली, "काय झालीस म्हणे?"

"नोटरी, आपा."

"म्हणजे काय करतात?"

"माणूस खरोखर तोच आहे, कागद खरा आहे, अशी सही देते."

"चांगलं आहे," आपा म्हणाली. "पण त्याला इतके दिवस कशाला लागले गं? माणूस तोच आहे हे मी तुला दारातच सांगितलं असतं."

त्यात टोमणा होता की नव्हता, हे आपालाच माहीत.

संध्याकाळी माणसं पांगली. बुरूलचा उठून मागच्या अंगणात आली, बाह्या वर केल्या आणि राखेने कढई घासायला बसली. सोनूनने तिच्या हातातून घासणी काढून घेतली. जोरात नव्हे, लहान मुलाच्या हातातून काच काढून घ्यावी तशी. "राहू द्या," म्हणाली. "तुम्हाला सह्या करायच्या असतात." मग जाणाऱ्या पाहुण्याला देतात तशी मांसाची आणि मिठाईची पिशवी तिच्या हातात दिली आणि फाटकापर्यंत पोचवायला गेली. आम्हां वर्गातल्यांना कोणीच पोचवलं नाही. आम्ही रात्रभर तिथेच होतो.

यानंतर बुरूलचाने जे केलं त्याला धीर लागतो, असं माझं मत आहे. मायरामचं मत वेगळं आहे. बुरूलचाने डाकघराजवळ एक खोली घेतली, दारावर पाटी लावली, स्वतःच्या नावाचा शिक्का घेतला. आणि दर गुरुवारी दुपारी खोली बंद करून ती कालिपा आपाकडे जाऊ लागली. फाटक सोनून उघडते. "या," म्हणते. "बसा." बुरूलचा आपाचे केस धुते, नखं कापते, पायांना चरबी चोळते. आपा तिला सूचना करते, "इथं जास्त चोळ. आणि हे घालायला विसरू नकोस." विलापाच्या कोणत्या भागात घालायला, ते दोघींना माहीत आहे. बुरूलचाचे कान लाल होतात आणि ती चोळत राहते. निघताना सोनून तिला फाटकापर्यंत पोचवते.

या हिवाळ्यात एकदा सोनूनच्या तोंडून "तू" निघून गेलं. "तू ती बादली—" असं म्हणाली आणि थांबली, आणि म्हणाली, "तुम्ही ती बादली राहू द्या." बुरूलचाने ही गोष्ट मला चांगली बातमी म्हणून सांगितली.

गेल्या महिन्यात ती माझ्याकडे शाळेत आली. मधल्या सुटीत, भर वर्गात, नकाशाखाली मुलांच्या बाकावर बसली. गावात नोटरी दोघेच, ती आणि खालच्या टोकाला एक म्हातारा. त्या म्हाताऱ्याने सहज फोनवर सांगितलं होतं, की तुमची ती कालिपा आपा येऊन गेली, काय बाई आहे, मला म्हणाली शिक्का नीट मार, मी अजून आहे. आपाने तरुणपणी काही वर्षं रशियात, ओम्स्कच्या कारखान्यात काम केलं होतं; तिकडचं पेन्शन तिला अजून येतं, आणि त्यासाठी वर्षातून एकदा नोटरीसमोर जाऊन जिवंत असल्याचा दाखला घ्यावा लागतो. बुरूलचाची खोली सोनूनच्या घरापासून चालत जाता येईल एवढी. सोनून त्या थंडीत, रस्त्यावर बर्फाची काच झालेली असताना, आईला गाडीत घालून गावाच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेली होती आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढवला होता.

"काढला असेल राग," मी म्हणालो. "तुला टोचावं म्हणून."

"मलाही तेच वाटलं," बुरूलचा म्हणाली. "बरं वाटलं रे मला, तसं वाटलं तेव्हा. म्हटलं, अजून रागावते. काल गुरुवार होता, मी विचारलं तिला. म्हटलं, सोनून, दाखल्याला माझ्याकडे का नाही आणलंस आपाला?"

"मग?"

"म्हणाली, तुम्ही कामात असाल म्हणून."

मी काहीतरी म्हणणार होतो.

"टोमणा नव्हता, इसाबेक," ती म्हणाली. "मी तिला ओळखते. तिला खरंच तसं वाटलं."

घंटा झाली. मुलं आत आली आणि बाकावर बसलेल्या नोटरीबाईंना बघून दारातच उभी राहिली. बुरूलचा उठली, कोटाची बटणं लावली आणि मुलांमधून वाट काढत बाहेर गेली.